पाकिटातली नावं

९ ऑक्टोबर २०२३

दगडवाल्या कुबियाकचा परत फोन. "बाई, नाव ठरवा. जमीन गोठली की मग थडग्यावरचा दगड वसंतातच बसेल." बाबांना जाऊन चार आठवडे झाले आणि मी अजून नावावर अडून बसलेय. डीन स्टीव्हन्स एवढंच कोरायचं तर काम सोपं. पण बाबा खरे श्चेपान्स्की. आजोबा पोलंडहून अमेरिकेत आले तेव्हा बंदरावरच्या कारकुनाला ते उच्चारता येईना, त्यानं छाटून टाकलं — हे मी बाबांकडून इतक्यांदा ऐकलंय की त्या कारकुनाच्या मिशासुद्धा मला दिसतात. निदान दगडावर तरी बाबांना त्यांचं नाव परत मिळावं. कागद शोधते. रीतसर.

१२ ऑक्टोबर

डन्कर्कला गेना आत्याकडे जाऊन आले. बाबांची धाकटी बहीण, कागदोपत्री गेनोवेफा, एक्क्याण्णव वर्षांची, अजून आजोबांच्याच घरात, आणि कान माझ्यापेक्षा तिखट. बाबा तिच्याशी बोलत नसत. आई गेल्यावर मीच जायला लागले, कारण मला उरलेलं नात्यातलं माणूस तेवढंच. कोबीचे पिएरोगी, आमच्या पोलिश उकडलेल्या करंज्या, खायला घातले, बीटाची बरणी दिली, वर टोमणा — "तुझ्या पिएरोगींच्या कडा सुटतात लोरेन, आईवर गेलीस." नाव कुणी बदललं, विचारलं. "बंदरावर," म्हणाली आणि केटली बघायला उठली. केटली ठेवलेलीच नव्हती, हे आत्ता लिहिताना आठवतंय.

आजोबांचा नागरिकत्वाचा कागद घेऊन आले. १९२६. वालेंटी श्चेपान्स्की, इंजिनाच्या कारखान्यात बॉयलर ठोकणारा. नाव अख्खं! सहीच्या जागी नुसती फुली. म्हणजे १९२६ पर्यंत तरी कुणी काही छाटलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर

न्यायालयाच्या तळघरात सापडलं. कारकून नव्हताच कुणी. १९५३. अर्जदार झेनॉन श्चेपान्स्की, वय चोवीस. हवं असलेलं नाव डीन स्टीव्हन्स. कारण — उच्चारास अवघड, नोकरीत अडथळा. खाली बाबांची सही, आधी एका नावानं, मग दुसऱ्या.

शाळेत मी त्या कारकुनावर निबंध लिहिला होता. बक्षीस मिळालं. बाबांनी तो चौकटीत घालून बैठकीत लावला आणि त्याच्यासमोर बसून रोज पेपर वाचला. एकदाही वाटलं नाही, पोरीला खरं सांगावं?

१८ ऑक्टोबर

कुबियाकला सांगितलं — स्टीव्हन्स. त्यांनी स्वतः निवडलंय ना, मग घ्या म्हणावं.

२१ ऑक्टोबर

आजोबांच्या चर्चच्या ऑफिसातून टेरीचा फोन. दोन चर्च एक होणार, खोकी रिकामी करतायत, तुला जुने कागद हवे होते ना, ये. गेले. नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवसाची पाकिटं होती. प्रत्येक घर आपल्या मृतांची नावं लिहून देतं आणि फादर ती वेदीवरून वाचतात, ती. आमच्या घराची १९५० पासूनची निघाली. आजी, तिची दोन तान्ही, पोलंडातले कुणी कुणी. १९५४ साली एक नाव वाढलंय. झेनॉन.

बाबा. पंचवीस वर्षांचे, धडधाकट, नुकतं लग्न झालेले. मृतांच्या यादीत! पाकिटावर वालेंटी श्चेपान्स्की. त्यानंतर दर वर्षी तेच, थेट १९६१ पर्यंत. तेव्हा आजोबा गेले.

टेरी म्हणाली, "अगं, चूक झाली असेल." आठ वेळा?

आजोबांचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, "त्यांनी मला केव्हाच पुरलंय." मला वाटायचं, बोलायची पद्धत. चाळीस मैलांवर आजोबा होते आणि मी चार वर्षांची होईपर्यंत जिवंत होते, पण मला कधी नेलं नाही. एकानं नाव टाकलं, दुसऱ्यानं पोरगा टाकला. आणि मी यांच्यासाठी तळघरं उकरतेय.

२२ ऑक्टोबर

बीटाची बरणी उभ्या उभ्या चमच्यानं संपवली.

२४ ऑक्टोबर

एकतीस वर्षं टपालखात्यात पत्रं निवडली. अक्षरावरून माणूस ओळखायचे. आणि हे दिसू नये मला! यादीतलं अक्षर रेखीव, शाळेत घोटलेलं. आजोबा तर फुली मारायचे.

रिकाम्या बरणीवरची आत्याची चिठ्ठी घरी आणलेल्या यादीशेजारी धरली. तेच अक्षर. आता जरा थरथरतं, एवढंच.

२५ ऑक्टोबर

आत्याकडे गेले, यादी पुढ्यात ठेवली. तिनं नाकारलं नाही.

"हो, मी लिहिलं. तुझ्या आजोबांना कुठं लिहिता येत होतं?"

"त्यांना माहीत होतं?"

"बॉयलर ठोकून ठोकून कान गेलेले त्यांचे. पुढच्या बाकावर बसून फादरचे ओठ हलताना बघायचे. लोकांना वाटलं, त्यांनीच लिहायला लावलं. असलं कोण विचारतं बापाला?"

का, म्हटलं.

"त्यानं नाव टाकलं, घर टाकलं, म्हातारा माझ्या गळ्यात. माझं लग्न राहिलं ते राहिलंच. माझ्यापुरता तो मेला होता, म्हणून लिहिलं. एकदाच लिहिणार होते गं. नेमका त्याच दिवशी आला, तुझ्या आईला घेऊन, मागच्या बाकावर. समेट करायलाच आला असणार. नाव ऐकलं, उठला, गेला. मग पुढच्या वर्षी काढू कशी?"

"आजोबा त्यांच्याबद्दल विचारायचे नाहीत?"

"दर ईस्टरला. आशीर्वादाचं अंडं घरात वाटायला कापायचे आणि झेनॉनची फोड बाजूला ठेवायचे. मी कानात ओरडायचे, कामात आहे, पुढच्या वर्षी येईल."

मग म्हणाली, "चहा घेतेस?"

बाबा माझा हात धरून गेले, आपल्या बापानं आपल्याला पुरलं असं समजत. त्याच आठवड्यात ही फोनवर मला बीटाला व्हिनेगर किती घालायचं ते सांगत होती. मी म्हटलं होतं, आत्या, बाबांचं काही खरं नाही. एक वाक्य सांगायचं होतं तिनं. मी जाऊन त्यांच्या कानात सांगितलं असतं.

चहा न घेता निघाले. दारातून म्हणाली, बरण्या परत आण.

२७ ऑक्टोबर

कुबियाकला फोन. वर झेनॉन श्चेपान्स्की, खाली डीन स्टीव्हन्स. "बाई, आता शेवटचं ना?" म्हटलं, शेवटचं.

२ नोव्हेंबर

सकाळी टेरीकडे पाकीट दिलं. आत तीन नावं. वालेंटी. झेनॉन. गेनोवेफा.

वाचन सहाला आहे. आत्याला गाडीतून मीच नेणार. ती अजून पुढच्याच बाकावर बसते, आणि तिला सगळं ऐकू येतं.