आबाकाकांनी दवाखान्यात मांडलेली सोयरीक

अणदूर, ता. १२ फेब्रुवारी १९८१

ती. सौ. केशरअक्कांस तात्यारावाचा साष्टांग नमस्कार. दाजींचा दमा, तुमचे गुडघे आणि म्हशीचं दूध, तिन्ही ठीक असतील. मी जिवंत आहे. (हे आधीच सांगितलं, कारण पुढचं वाचताना शंका येईल.)

सोलापुरात माझ्या प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात, विशेषतः आईकडं, रक्त न थांबण्याचा आजार कुणाला? सोबत आबाकाका होते. साऱ्या भावकीची लग्नं जमवणारा माणूस. घराणं विचारलं की त्यांना दुसरं काही सुचत नाही. घसा खाकरून म्हणाले, "मातुळ एकदम चोख! चार गावांत इचारा." वर मामांची बागायत किती तेही सांगितलं. डॉक्टरांनी 'काही नाही' असं लिहून घेतलं. मीही मान डोलावली.

ऑपरेशननंतर रक्त थांबेना. इकडं दुष्काळानं विहिरीत थेंब नाही, आणि माझ्या नळीतून लाल पाट अखंड वाहतोय. डॉक्टरांनी मूत्राशय धुतलं, औषधं बदलली. दोन दिवस झाले, पण व्यर्थ. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा काकांचं चोख घराणं. मी पांढराफटक पडलो होतो. शेवटी कोपऱ्यात उभी असलेली मथुराबाई (माझं कुटुंब काकांसमोर कधी बोललेलं तुम्ही ऐकलंय?) पुढं आली.

"सायेब, यांची दाढ काढली तवा चार दिस रगत थांबलं न्हाय. यांचं थोरलं मामा पायाला कुऱ्हाड लागून तसंच गेलं. सोयरिकीच्या बैठकीत आमी हे झाकतो, म्हणून हितंबी झाकलं."

काका फेटा सावरत बाहेर गेले. डॉक्टर म्हणाले, रक्त गोठवणारं काहीतरी यांच्यात जन्मापासून कमी आहे. ताजं रक्त हवं. ढोकीच्या साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर असणारे बलभीमराव माझी खबर घ्यायला आले होते, त्यांनी तिथंच बाही वर केली आणि जाऊन आणखी चौघांना घेऊन आले. तिसऱ्या दिवशी पिशवीत स्वच्छ लघवी दिसली. अक्का, लघवी पाहून मी रडलो. त्या पाच जणांचे आणि माझ्या बायकोचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

आपला,
तात्याराव

ता. क. आजारपण सांगायला बसलं की मला आवरत नाही, मुद्दा राहिलाच. हा दोष आईकडून येतो. मला आला, तसा तुमच्यातून तुमच्या थोरल्या रामकिसनलाही गेलेला असू शकतो, आणि सोमवारी त्याचा मुतखडा काढायचा आहे. आधी रक्त तपासा. घराण्यातला दोष बाहेर पडून तुमच्या धाकट्याची ठरलेली सोयरीक मोडली तरी मोडू द्या.

ता. क. २. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र मथुराबाईच्याच हाती धाडलंय. ती तुमच्यासमोर गप्प उभी असेल, कारण तुम्ही थोरल्या. पत्र बाजूला ठेवा आणि तिला बोलू द्या.