शंभरातल्या त्रेचाळीस

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन तीन आठवडे होऊन गेले, उत्तराला उशीर झाला. भाऊजींचा डोळा आता बरा असेल. महिनाभर खाली वाकायचं नाही, हे तूच त्यांना दटावून सांग, माझं ते ऐकणार नाहीत. इकडे आम्ही ठीक. हिचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. स्वयंपाकघरातला नळ दोनदा दुरुस्त करूनही गळतोच आहे. प्लंबर येतो, मान हलवतो आणि जातो.

फोन का करत नाहीस, असं तू विचारलंस. फोनवर तू आधी "जेवलास का" विचारतेस, आणि मग मला पुढचं काही बोलवत नाही. म्हणून हाताने लिहितोय. हा चौथा कागद. आधीचे तीन फाडले, कारण तब्येतीच्या पलीकडे मी पोचलोच नाही.

तू आणखीही एक लिहिलंस. चिमी सुट्टीत घरी आली नाही, फोनवर हो-नाही एवढंच बोलते. "तू मामा आहेस, तूच तिला समजाव." ते वाचून मी पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि दोन दिवस तसाच हिंडलो. ताई, मी तिला काय समजावणार?

चार वर्षांपूर्वी ती माझी लॅब सोडून गेली, तेव्हा मी तुला सांगितलं होतं की पोर हुशार आहे पण चिकाटी नाही, मोजणीत चुका करते आणि दाखवलं की फुगून बसते. तू म्हणालीस, "तुझ्या भरवशावर पाठवली आणि तुलाच तोंडघशी पाडलं हिने." मी ऐकून घेतलं. वर तुझीच समजूत घातली.

आता खरं काय झालं ते लिहितो.

आमचं काम बियांचं. चिकणमाती आणि एका झाडाचा डिंक यांचा लेप दिला तर बी शीतपेटीशिवाय दीड वर्ष टिकतं का, ते बघायचं होतं. ट्रेमध्ये ओल्या टिपकागदावर शंभर बिया मांडायच्या, सातव्या दिवशी कोंब मोजायचे. मोजायचं काम चिमीचं. सहा महिने झाले, बारा झाले, आकडे झकास येत होते. पेपर लिहून जर्नलकडे पाठवला. त्यांच्या परीक्षकाने कळवलं की काम चांगलं आहे, फक्त अठरा महिन्यांचा आकडा जोडा, मग छापू. तुला माहीत आहे, माझं प्रोफेसरपद दोनदा हुकलं होतं. दुसऱ्यांदा तर माझ्याच विद्यार्थ्याला मिळालं. मी त्याला हार घातला आणि चालत घरी आलो.

अठरा महिने भरले. शंभरातल्या त्रेचाळीस रुजल्या. लेप न दिलेल्यांतल्या एक्केचाळीस. म्हणजे लेपाचा काही उपयोग नव्हता. मी पेपरात एक्काहत्तर लिहिलं.

एक आकडा, ताई. लिहायला एक क्षण लागला. आणि हायसं वाटलं.

चिमी कागद घेऊन आली. "मामा, हे एक्काहत्तर कुठून आले? माझ्या वहीत त्रेचाळीस आहेत."

"मोजायला चुकली असशील."

"मी दोनदा मोजलं. ट्रे अजून आहेत ना? चल, आपण दोघं मिळून मोजू."

ट्रे नव्हते. सकाळीच मी ते धुवायला टाकले होते. ती रिकाम्या फळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझं नाव पेपरवरून काढ." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. पेपर छापून आला, मी प्रोफेसर झालो. तू पेढ्यांचा डबा पाठवलास. तो मी ऑफिसात वाटून टाकला, घरी आणला नाही.

पुढची तीन वर्षं बरी गेली, असंच म्हणायला हवं. माणूस कशालाही सरावतो.

मग मागच्या वर्षी एका दूरच्या विद्यापीठातल्या मुलीचं पत्र आलं. ती आमचा लेप वापरून काम करत होती, लेप दिलेल्या बियांचे बरेच साठे तिने ठेवले होते, आणि अठरा महिने झाले की त्या बिया मरत होत्या. अगदी नम्रपणे तिने विचारलं होतं, मी कुठे चुकते ते सांगाल का? मी तिला सल्ला दिला. हवेतला दमटपणा तपासा म्हणून लिहिलं. तिने पुन्हा केलं, पुन्हा लिहिलं. मी म्हटलं, त्या साठ्याचा डिंक जुना असेल, दुसऱ्या साठ्यातल्या घ्या. असं तीनदा. तीनदा ती पोर माझ्या शब्दावर नव्याने बिया मांडून बसली. शेवटी जूनमध्ये तिचं पत्र आलं. तिच्या गाइडच्या मते तिचे हातच या कामाचे नाहीत, म्हणून ती पीएचडी सोडतेय, आणि मी वेळ दिला त्याबद्दल आभार.

ते आभार मला पचले नाहीत.

मी संचालकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "अहो, एवढं कशाला ताणता? दुरुस्ती छापू. 'मोजणीतील त्रुटी' म्हणू. तेव्हा मोजणारी मुलगी तर सोडून गेलीय."

"ती माझी भाची आहे."

"मग तर घरचंच झालं. ती थोडीच तक्रार करणार आहे."

त्यांनी मसुदाही करून दिला. तो मी घरी आणला. तुझ्यापासून आता काही लपवत नाही, तीन दिवस तो मला बरा वाटत होता. चौथ्या दिवशी हिने टेबलावरून उचलून वाचला. हिला काहीच माहीत नव्हतं, सगळं सांगावं लागलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरीवर दुसऱ्यांदा?" एवढंच. मग भाजी निवडायला बसली.

मी मसुदा बाजूला ठेवला आणि जर्नलला स्वतः लिहिलं की पेपर मागे घ्या, खरा आकडा त्रेचाळीस होता, तो मी बदलला, आणि मोजणाऱ्या व्यक्तीने मला तेव्हाच सांगितलं होतं. त्या दूरच्या मुलीलाही लिहिलं की तुमचे हात बरोबर होते. तिचं उत्तर आलं. तिने पीएचडीची जागा परत मागितलीय, अजून काही कळलेलं नाही. माझ्याबद्दल एक शब्द नव्हता, ना चांगला ना वाईट.

इथे चौकशी बसली आहे. माझे विद्यार्थी दुसऱ्यांकडे दिले. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं चहा प्यायलो ते हल्ली जिन्यात घड्याळ बघतात. थकलोय, ताई. पण हे थकणं तुझ्याकडे दया मागण्यासाठी लिहीत नाही.

गेल्या गुरुवारी मी चिमी शिकवते त्या शाळेत गेलो. शिक्षकांच्या खोलीत ती वह्या तपासत होती. मला बघून उठली. "बसा मामा," म्हणाली. बसा. माझ्या पाठीवर चढून केस ओढणारी पोर ती.

मी सगळं सांगितलं. ती लाल पेन हातात धरून ऐकत होती.

"यातलं मला नवीन काय?" ती म्हणाली.

"माफी मागायला आलो."

"जर्नलला सांगितलंत, संचालकांना सांगितलंत. आईला सांगितलंत?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मी तेव्हाच आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, माझा भाऊ असं करणार नाही, स्वतःचं झाकायला त्याच्यावर ढकलू नकोस. मग मी पुन्हा सांगितलं नाही." ती वह्या गोळा करायला लागली. "लॅब सुटली त्याचं मला फार नाही वाटलं मामा. शाळा मला आवडते."

घंटा झाली आणि ती वर्गावर गेली.

तू मला लहानाचा मोठा केलंस, माझा शब्द खरा मानलास. त्यात तुझं काही चुकलं नाही. तुझा तो विश्वास मी तुझ्याच लेकीविरुद्ध वापरला. लॅबमधली चूक जर्नल छापून जाहीर करेल, पण ही कुणी छापणार नाही, म्हणून मी लिहितोय.

जर्नलला पाठवलेलं पत्र तुला कळेल अशा साध्या शब्दांत उतरवून सोबत ठेवलंय. भाऊजींनाही वाचून दाखव. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, रागावलीस तर ते रास्तच आहे. पण आधी तिच्याकडे जा. फोन नको, जा. बुधवारी तिची शाळा अर्धा दिवस असते. काय बोलायचं ते मी सुचवत नाही. तिच्याबद्दल तुझ्या तोंडी शब्द घालणं मी थांबवलंय.

तुझा
धाकटा भाऊ

(खाली नेहमी "चिमीचा मामा" असं लिहायचो. ते आता तिने म्हणायचं, मी नाही.)