तपकिरी कोट वगळून

मंगळवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे दोराला मेण लावायला बसलो आणि अर्ध्यावर उठलो. अंगणात गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. या कामात आल्यापासून असे कधी झाले नव्हते. म्हणून देवाला स्मरून, शुद्धीवर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, मी टोबायस क्रेक, राहणार एल्डरविक, तुरुंगामागची गल्ली, वय पन्नाशीच्या आत (नक्की आईलाही आठवत नसे), धंद्याने या परगण्याचा जल्लाद, माझ्यामागे काय व्हावे ते लिहून ठेवतो.

आत्मा देवाच्या स्वाधीन. त्याने माझ्या हातांकडे पाहू नये असे मी म्हणत नाही. पाहावे, पण शेवटपर्यंत पाहावे.

देह माझी बायको जोन हिच्या शेजारी पुरावा. तिलाही देवळाच्या उत्तरेला, नकोशांना पुरतात त्या सावलीतच जागा मिळाली, आणि ती तर माझ्याशी लग्न करण्यापलीकडे कोणाच्या वाटेला गेली नव्हती.

मुलगी टॅमसिन हिला जोनचे पितळी पातेले, पिसांची गादी आणि माझे प्रार्थनेचे पुस्तक. ती दूर, समुद्राकाठी रंगाऱ्याच्या घरी दिली आहे. सासरी तिने बाप सुतार होता असे सांगितले आहे. ते अगदीच खोटे नाही, खांब आणि शिडी मीच जुळवली. सामान गाडीवाल्याबरोबर पाठवावे, पण कोणाकडून आले ते गाडीवाल्याने बोलू नये.

बेकरीवाल्या डॉर्कस व्हॅली यांना माझ्या गाईचे जुने दावे. दिवसा मी समोरून आलो की बाई रस्ता ओलांडतात, आणि तिन्हीसांजेला मागच्या दाराशी येऊन नवऱ्याच्या डोकेदुखीवर फाशीच्या दोराचा तुकडा मागतात. मी दर वेळी दाव्याचा तुकडा कापून दिला. त्यांच्या यजमानांना गुण आला याचा मला आनंद आहे. उरलेलेही त्यांनीच न्यावे.

पुढचे कलम मी दोनदा लिहून खोडले.

एका घोडीच्या चोरीत मला फाशीची शिक्षा झाली होती. चोरी कोणी केली हे आता सांगून उपयोग नाही. त्याच थंडीत आदला जल्लाद तापाने गेला. परगण्यात कोणी ते काम घेईना, तेव्हा रिवाजाप्रमाणे शिक्षा झालेल्यालाच विचारले: दोर ओढतोस, की दोरावर चढतोस? मी ओढतो म्हणालो. माझे जगणे दुसऱ्याच्या तापावर उभे आहे, हे मी रोज प्रार्थनेत मांडतो. उत्तर आलेले नाही.

शनिवारी मेंढीचोर हंफ्री लड याला चढवायचे आहे. मंगळवारी दोर हातात असताना मनात आले, की मी या जागेवर बसलो आहे म्हणूनच त्याला कोणी विचारत नाही. जागा एकच आहे.

बुधवारी तुरुंगात जाऊन मीच त्याला विचारले, माझी जागा घेतोस का. आधी हे आयुष्य कसे असते ते सगळे सांगितले. देवळात आपल्या बाकावर कोणी बसत नाही, प्रभुभोजनाचा पेला सगळ्यांचा होऊन शेवटी आपल्याकडे येतो, आणि पोरीच्या लग्नाच्या दिवशी बापाला तोंड लपवून दुसऱ्या गावी जावे लागते. तो गवतावर बसून ऐकत होता.

"मला काय विचारतोस, जल्लादा?" तो म्हणाला. "माझ्या बायकोला विचार. तिला मेलेला नवरा परवडतो, की लोक थुंकतात तो."

त्याची उर्सुला भाकरी घेऊन दाराशीच आली होती. ती माझ्याकडे वळली. "थुंकी धुता येते, दादा," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत या गावात मला कोणी दादा म्हटले नव्हते. त्या रात्री डोळा लागला नाही. एखाद्याला असले जगणे द्यावे, ही दया की सूड, हे मला अजून कळलेले नाही. पण निवड त्यांची आहे, आणि निवडायला ते जिवंत हवेत.

म्हणून माझी शिडी आणि हत्यारे हंफ्रीला. त्याने एवढे शिकावे: गाठ डाव्या कानाखाली घ्यावी, आणि माणूस तडफडू लागला तर पाय धरून खाली ओढायला लाजू नये. लोक त्यालाच क्रौर्य म्हणतात. म्हणू द्यावे.

शिक्षा झालेल्याचे सारे राजाकडे जमा होते, म्हणून गाय आज पहाटेच उर्सुलाच्या दारात बांधली आणि टॅमसिनचे सामान गाडीवर चढवून दिले.

शेवटचे कलम शेरीफसाहेबांकडून परत आल्यावर लिहीत आहे. ते म्हणाले, "तुझी माफी या कामापुरती होती, क्रेक. काम सोडलंस की जुनी शिक्षा जागी होते. आणि ती कोणाच्या हातून, कळतंय ना?"

कळते म्हणालो. हंफ्रीला आज संध्याकाळी विचारणार आहेत. माझे काय करायचे ते शनिवारी सांगणार आहेत.

अंगावरच्या कपड्यांविषयी मला काही लिहिता येत नाही. फाशी गेलेल्याच्या अंगावरचे कपडे जल्लादाचे, हा रिवाज आहे. म्हणून शेरीफसाहेबांकडे जाताना मी चांगला तपकिरी कोट घातला होता. हंफ्री माझ्याहून रुंद आहे, तेव्हा दोन्ही कुशींच्या शिवणी सकाळीच उसवून सैल केल्या आहेत. त्याच कोटात उभा राहून मी दोर साहेबांच्या मेजावर ठेवला.

सही: टोबायस क्रेक

साक्षीदार: रॉजर स्प्रॉट, तुरुंगाचा पहारेकरी. याने फुली केली.
साक्षीदार: अँब्रोज टील, थडगी खणणारा. बसा म्हटले तरी बसला नाही, पण आत आला, आणि जोनच्या शेजारची जागा राखतो म्हणाला.

एल्डरविक, ऑगस्टचा पहिला गुरुवार, सन १६३१