दुखल्यासारखं

सर, गेल्या पाच आठवड्यांपासून तुमचा तास मला रोज असतो. दुपारी पावणेतीनला सुरू होतो आणि साडेतीनच्या आसपास सुटतो. सेलूच्या शाळेत मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास तुमचा, मराठीचा, आणि तोही पावणेतीनचाच होता. फरक एवढाच, की तुम्ही विडी संपवून, चप्पल फटफटवत, दहा मिनिटं उशिरा यायचात. हे दुखणं उशीर करत नाही. जेवण होतं, जरा डोळा लागतो, आणि डाव्या डोळ्याच्या मागे ते हजर. डोळा लालबुंद होऊन गळायला लागतो, पापणी खाली लोंबते, डावीच नाकपुडी वाहते आणि उजवी मात्र कोरडी ठणठणीत. लोक डोकं दुखलं की अंधार करून पडून राहतात, मला पडवत नाही. मी अंगणात फेऱ्या मारतो, ओसरीच्या खांबाला कपाळ टेकवतो. टेकवतो कसला, आपटतो. मग चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, शिपायानं घंटा दिल्यासारखं सगळं एकदम थांबतं. बघा, दिलीच उपमा. तुम्ही लावलेली खोड सत्तरी उलटली तरी जात नाही.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी याचं नाव क्लस्टर हेडेक असं सांगितलं. नातीच्या वयाची पोरगी. मी अर्थ विचारला तर म्हणाली, "झुबक्यानं येणारी डोकेदुखी, आजोबा. काही आठवडे रोज येणार, मग महिनोन्महिने पत्ता नाही, मग पुन्हा झुबका." तुम्ही असता तर या एका शब्दावर अख्खा तास घालवला असता. झुबका मोगऱ्याचा, झुबका शेवंतीचा, खिडकीबाहेर बघत, डोळे अर्धे मिटून. आणि आम्हीही तोंड उघडं टाकून ऐकलं असतं. दुखण्यात फुलं शोधणाऱ्या माणसाला आणि त्याच्याकडे बघून हुरळणाऱ्या पोरांना एकदा पावणेतीनला माझ्या अंगणात आणून उभं करायला हवं.

तर सोमवारी मला तिच्याकडे जायचंय आणि जाताना एक कागद भरून न्यायचाय. त्यावर रकाने आहेत. तारीख, वेळ, किती मिनिटं, कोणती बाजू, ऑक्सिजन लावल्यावर किती वेळात उतरलं. ते बघून ती ठरवणार, की गोळी वाढवायची की दुसरंच काही करायचं. सगळे रकाने बायकोनं भरलेत. शेवटचा एक रिकामा आहे, 'दुखणे कसे, थोडक्यात'. बायको म्हणाली, "तो तुमचा हाय. मले काय माईत कसं दुखते." दोन दिवस मी त्या रकान्यासमोर पेन घेऊन बसतोय, आणि म्हणून तुम्हाला लिहितोय, कारण हा रकाना माझ्या डोक्यात तुम्ही फार पूर्वीच भरून ठेवला आहे आणि तो खोटा आहे.

आठवतो का तुमचा नियम? आठवी ब. वर टिनाचं छप्पर, खाली शेणानं सारवलेली जमीन, खिडकीतून कडुनिंबाचा मोहोर आत यायचा आणि तुमच्या टेबलावर पडायचा, तो तुम्ही झाडत नव्हतात. कुणाला काही दुखलं आणि घरी जायचं असलं, की तुम्ही विचारायचात, "कशासारखं दुखतं? उपमा दे आणि सुट्टी घे. नुसतं दुखतं तर गुरांनाही." वर्ग हसायचा. एका दुपारी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, पोटात कुणीतरी ओलं धुणं पिळून राहिलंय." तुम्ही खुर्चीवरून उठलात. खडूनं ते वाक्य फळ्यावर लिहिलंत, फक्त 'पिळून राहिलंय' खोडून 'पिळत आहे' केलंत. माझ्या डोक्यावर हात ठेवलात. दुसऱ्या दिवशी निळ्या पुठ्ठ्याची एक वही दिलीत, उपमा लिहून ठेवायला. माझ्या बापानं मला आयुष्यात कधी काही हातात धरून दिलं नव्हतं. त्या वहीसाठी मी 'मले' सोडलं आणि 'मला' धरलं, 'काऊन' सोडलं आणि 'का' धरलं. आईला सुधारू लागलो. ती म्हणायची, "पोट्ट्या, तू कोनाशी बोलून राह्यला?"

ती भाषा काय कामाची निघाली ते ऐका. पहिला झुबका मागच्या वर्षी आला. मी सेलूतल्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो आणि त्याला सांगितलं, "वरच्या दाढेच्या मुळातून कुणीतरी तापलेली सळई डोळ्यात घालतंय." मला ते वाक्य आवडलं होतं, दोनदा म्हटलं. त्यानं दाढ काढली. पुढच्या आठवड्यात तिच्या शेजारची काढली. दोन्ही दाढा धडधाकट होत्या, त्यानंच मला त्या कापसावर ठेवून दाखवल्या. मग मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो आणि म्हणालो, डोळ्यात बाभळीचा काटा रुतलाय. बिचारा अर्धा तास भिंग लावून काटा शोधत होता. मेहुणीला म्हणालो, कपाळात कुणी येऊन बसतं. ती दुसऱ्याच दिवशी लिंबू-मिरच्या घेऊन एका बुवालाच घेऊन आली. प्रत्येक उपमेनं मला एका वेगळ्या दारात नेऊन सोडलं, आणि प्रत्येक दारात मी मनातल्या मनात तुमच्या फळ्याकडे बघत होतो, की हे वाक्य लिहिलंत का. असा मूर्ख तुम्ही घडवलात. महिन्याभरानं दुखणं आपोआप गेलं आणि मी ते दाढा काढल्याच्या नावावर जमा केलं. या वर्षी पावणेतीनला ते परत आलं तेव्हा त्या बाजूला काढण्यासारखी दाढच उरली नव्हती.

गल्लीतली माणसं त्याहून वरताण. डोकेदुखी हा शब्दच वापरून वापरून गुळगुळीत झालाय. वीज गेली डोकेदुखी, सुनेचे माहेरचे आले डोकेदुखी. समोरचा रिटायर तलाठी मला खांबाशी बघून फाटकातून ओरडतो, "काय कंट्रोलर साहेब, डोकंच तर दुखते! आमचं बी दुखते. बाम लावा अन् झोपा." त्याला बाम सुचतो, कारण डोकं ही गोष्ट त्यानं फक्त टोपी ठेवायला वापरली.

कंट्रोलर म्हणतात, कारण नोकरीची शेवटची अठरा वर्षं मी समुद्रपूरच्या बस स्टँडवर काढली. काचेमागे बसायचं, भोंग्यावर बोलायचं. हिंगणघाट, फलाट दोन. वर्धा, फलाट एक. तुमचा लाडका विद्यार्थी, निळी वही ड्रॉवरमध्ये ठेवून, दिवसाला शंभर वेळा तेच ते कोरडं बोलायचा आणि प्रत्येक वेळी त्याला स्वतःची लाज वाटायची. मला वाटायचं, हे काय बोलणं झालं, यात काय आहे? यात वेळ आहे आणि जागा आहे, सर. माणसाला गाडी मिळते. माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढंच एक खरं काम केलं आणि ते मी हलकं समजलो. आणि ज्या माणसानं अठरा वर्षं वेळापत्रक तोंडपाठ म्हटलं, त्याला स्वतःचं दुखणं रोज एकाच वेळी सुटतंय हे दिसलं नाही. ते दिसलं सातवी शिकलेल्या माझ्या बायकोला.

या वर्षी पहिल्याच दिवसापासून ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहीत होती, ज्या चौकोनात ती नवा सिलिंडर लावल्याची खूण करते त्याच्या बाजूला. मी विचारलंही नाही. वर्ध्याला डॉक्टरीणबाईसमोर बसलो आणि सवयीनं सुरू झालो, "म्हणजे बघा मॅडम, जणू काही..." तिनं पेन खाली ठेवलं. "आजोबा, जणू काही राहू द्या. केव्हा? कुठं? किती वेळ?" तेवढ्यात बायकोनं पिशवीतून गुंडाळलेली कॅलेंडरची पानं काढून टेबलावर ठेवली. '२:४५. डावा डोया लाल. नाक गयते. फेऱ्या मारल्या. ३:३० बंद.' खाली पुन्हा तेच. त्याच्याखाली पुन्हा तेच. बाईनं दोन्ही पानं उलटून पाहिली आणि मान वर केली. म्हणाली, "आजी, हे तुम्ही लिहिलं? अर्धं निदान तर तुम्हीच केलंत." बायको लाजली आणि म्हणाली, "मी काय करतो जी. येष्टीवानी टायमावर येते, तेच लिवलं." या वयात हे सहसा सुरू होत नाही म्हणून डोक्याचे फोटो काढले, ते स्वच्छ निघाले. रोजची गोळी सुरू झाली आणि ओसरीत ऑक्सिजनचं नळकांडं आलं. दुखणं सुरू झालं की तोंडावर मास्क धरून बसायचं. बायको शेजारणीला सांगते, "आता घरात दोन सिलिंडर हायेत. एक सैपाकाचं, एक याइच्या डोस्क्याचं. दोन्ही एका जागी ठेवाचे नाई म्हनते डॉक्टरीनबाई." परत येताना बसमध्ये मी तिला तुमचा नियम सांगितला, उपमा द्या आणि सुट्टी घ्या. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उपमा मी बी करतो, मोहरीचा. तुमची उपमा कोनाच्या पोटात गेली आजवर?"

मी ठरवलं होतं, की हे पत्र इथं संपवायचं, तुम्हाला एक सणसणीत शिवी देऊन. पण काल मास्क लावून बसलो होतो, ऑक्सिजनचा फुसफुस आवाज चालू होता, आणि त्या रिकाम्या रकान्यावरून मला आठवी ब मधली एक मुलगी आठवली.

मी ओल्या धुण्याची उपमा देऊन दप्तर उचलत होतो, तेव्हाच मुलींच्या शेवटच्या पट्टीवरून ती उभी राहिली. हिंगणीच्या बाजूनं यायची, आईबाप दुसऱ्यांच्या वावरात कामाला. उजव्या कानावर तळहात गच्च दाबलेला. "सर, कान दुखते जी." तुम्ही फळ्याकडे बोट केलंत, माझ्या वाक्याकडे. "ते वाच. आता सांग, कशासारखा?" तिनं फळ्यावरचं वाक्य वाचलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती रडत नव्हती, पाणी नुसतं येत होतं. आता मला ते पाणी कळतं. मग ती म्हणाली, "दुखल्यासारखा दुखते जी." अख्खा वर्ग फुटला. तुम्हीही हसलात, तुमच्या मिशीला खडू लागला होता. "दुखल्यासारखा! बस खाली, कालिदासाच्या बहिणी." वर्षभर ती तेच नाव घेऊन फिरली. आठ दिवसांनी ती कानात कापूस घालून आली, आणि त्यानंतर पट्टीच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागली, डावा कान तुमच्याकडे करून. तुमच्या लक्षात आलं नाही. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

ती मला पुढं समुद्रपूरला दिसली, माझ्या काचेसमोर, हातात पिशवी, केस पांढरे. "साहेब, हिंगणघाटची गाडी लागली काय जी?" मी नुकतंच भोंग्यावर सांगितलं होतं. मी उत्तर दिलं तशी तिनं मान वळवून डावा कान पुढं केला आणि मी तिला ओळखलं. तिनं मला ओळखलं नाही. मी भोंगा सुरू केला आणि तीनदा म्हटलं, हिंगणघाट, फलाट दोन. बाकीचे प्रवासी बघायला लागले. एवढंच मी तिच्यासाठी केलं. आणि त्याच वर्षी तुमच्या शोकसभेत, सेलूच्या शाळेत, मी उभा राहून तुम्हाला मंद तेवणाऱ्या समईची उपमा दिली. समई! तुमच्या सदऱ्याला जन्मभर विडीचा वास होता. टाळ्या पडल्या. माझ्या त्या बोलण्याची मला जेवढी किळस येते तेवढी तुमचीही येत नाही, आणि तुमची बरीच येते.

आज सकाळी मी तो रकाना भरला. 'दुखल्यासारखे.' बायकोनं चष्मा लावून वाचलं, म्हणाली, "हां, आता कसं बराबर." डॉक्टरीणबाई हसली तर हसेल. ती नाही हसणार. तिला बाकीच्या रकान्यांत पाहिजे ते सगळं मिळालंय, आणि या रकान्यात खरं तेच लिहिलंय, पहिल्यांदा. ज्या कुणाचं ते वाक्य होतं तिला विचारल्याशिवाय घेतलं, एवढी चोरी राहिली.

दोन वाजून गेलेत. बायको नळकांड्याचा कॉक बघून आली. हा कागद मी निळ्या वहीत ठेवून देणार आहे. ती वही मी फेकलेली नाही, आणि फेकेन असंही वाटत नाही, कारण तुमचा तो डोक्यावरचा हात मला अजून जाणवतो, अगदी दुखतं त्या जागेच्या थोडा वर. म्हणूनच एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली, ती लिहितो. तिचा कान खरंच दुखत होता. माझं पोट दुखत नव्हतं, सर. हिंगणीच्या रस्त्याला बोरं पिकली होती.