शेवटच्या कडव्यातलं नाव

१४ सप्टेंबर ८७
वांग्यात खुरपणी. ही मधेच उठली, हात मातीचे, म्हणाली लिवा. चार कडवी एका दमात. हिला अक्षर येत नाही, म्हणून बायकोची कारकुनी माझ्याकडे. कानावर पेन्सिल, कागद म्हणजे बियाण्याचं पाकीट. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायची भजनाची रीत. ही दरवेळी 'रेणुका म्हणे' सांगते. शब्द माहूरच्या आईचे, आपण नुसते हमाल, असं तिचं म्हणणं. माझा विश्वास? आहे. लिवा म्हणते तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिलाय.

२६ सप्टें.
नवरात्र. देवळात नवं भजन मीच म्हटलं. शेवटी 'रेणुका'च्या जागी माझं नाव, 'दत्तू म्हणे' घातलं. चालीत जरा ओढावं लागलं, पण बसलं. मंडळाच्या बुवांनी पाठ थोपटली, गुडीहत्नूरच्या मंडळाला उतरवून पाहिजे म्हणाले. ही बायकांत बसली होती, ते ध्यानातच नव्हतं.
खोटं. होतं.

२७ सप्टें.
हिनं डबा बांधून दिला. भाकरी नेहमीसारखी.

११ ऑक्टो.
पंधरा दिवस झाले. वांगी, मिरची दोन्ही खुरपून झाली, लिवा नाही. शेवटी विचारलं. म्हणाली, "येऊनच नाही राह्यलं. मी काय करू?" रागावली असती तर बरं झालं असतं.

१ नोव्हें.
माहूरला एकटाच जाऊन आलो. आईपुढं नाक घासलं. बुवांनाही खरं सांगितलं. हसले, म्हणाले नवरा-बायकोत काय तुझं-माझं. हिला सांगितलं, निर्मलच्या बाजारात बियाणं पाहायला गेलो होतो. माझ्या खिशातला माहूरच्या प्रसादाचा तांबूल तिनंच काढून देवापुढं ठेवला.

९ नोव्हें.
मिरची तोडताना उठली. लिवा. पेन्सिल कानावर नव्हती, घरी पळालो. आज अडत अडत सांगत होती, शब्द खोडायला लावत होती. असं कधी नव्हतं. शेवटच्या कडव्याशी थांबली.
"हे आईचं नाही. माहं मीच जुळवलं, आठ दिवस. तुमी झुरून राह्यले म्हणून. नाव तुमचं घाला."
वाचून दाखवलं. आजवरच्या सगळ्यांत हे चांगलं आहे. तिला सांगायची भीती वाटते.

१० नोव्हें.
माझ्याच्यानं माझं नाव घालवत नाही. आईचं ती घालू देत नाही. जागा कोरी. हिचं नाव घालून, 'सुमित्रा म्हणे' असं एकदा पुटपुटून पाहिलं.
ओढावं लागत नाही. लिहिलं नाही अजून.