मूळ नक्षत्रावरचे उंदीर

२ फेब्रु., सोम.
आजपासून सकाळच्या चहात साखर अर्धाच चमचा. मला न विचारता ठराव झाला. सूचक आमची कन्या मुक्ता, अनुमोदक तिची आई. संस्कृतचा मास्तर स्वतःच्या घरात अल्पमतात. निषेध नोंदवून ठेवतो.

दुपारी मुक्ताच्या तुर्भ्याच्या लॅबमध्ये. धनुर्वाताचं विष स्नायूंना ‘पुरे’ सांगणारा निरोप, ग्लायसीन, वाटेतच अडवतं. म्हणून ते ताठ. त्या निरोपाचा कच्चा माल म्हणजे सेरीन. ते पाजलं तर विष टोचलेल्या उंदरांचे पाय सैल पडतात का, एवढंच तिला बघायचंय. मी विचारलं, दारच बंद, तर गोदामात माल वाढवून काय होणार? म्हणाली, “तेच तर बघायचंय, बाबा.”

आठ बाटल्या. चारांत सेरीन, चारांत नुसतं पाणी. कशात काय, हे पाय तपासणाऱ्याला कळता कामा नये. म्हणून खुणेची नावं बाहेरच्या माणसाने द्यायची. मी नक्षत्रं दिली. यादी लिफाफ्यात, लिफाफा माझ्या कपाटात.

११ फेब्रु.
पाय तपासतात शिंदेबाई, कोपरखैरण्याहून येतात. पुष्य-हस्तवाले मोकळे चालतायत म्हणे. मुक्ता जेवताना गुणगुणत होती. मूड बघून साखरेचा अर्ज केला. फेटाळला.

२२ फेब्रु., रवि.
शिंदेबाई जेवायला. मुक्ता आत पोळ्या करत होती, तेवढ्यात हळूच मला: “सर, मूळ-आश्लेषावाल्यांना पाणीच ना? मी पयल्याच दिवशी ओळखलं. बिचारे.”

त्या गेल्यावर लिफाफा उघडला. रोहिणी, पुष्य, हस्त, स्वाती: सेरीन. मूळ, आश्लेषा, ज्येष्ठा, भरणी: पाणी. मुद्दाम नव्हतं केलं. औषधाच्या बाटलीवर ‘मूळ’सारखं अशुभ नाव लिहायला हात गेलाच नाही. आणि वर्गात पंचांग बघणाऱ्यांची थट्टा कोण करतो, तर मी.

२३ फेब्रु.
सांगितलं. मुक्ताने ताट बाजूला सारलं. मग, “म्हणजे शिंदेबाईंचे सगळे आकडे गेले.” बाईंवर रागावू नकोस म्हणालो. “त्यांच्यावर कशाला?” हात धुताना: “या वेळी नुसते नंबर. आणि तू नाही.”

बरोबर आहे.

२६ फेब्रु.
आजपासून पुन्हा. उंदीर एका खेपेपुरतेच उरलेत, तिची फेलोशिप एप्रिलपर्यंत. शिंदेबाईंच्या जागी कुणी दुसरं पाय तपासणार.

सकाळी चहात पूर्ण चमचा साखर. मी मागितली नव्हती.

या वेळी फरक दिसला नाही, तर मुक्ता मला एका शब्दानेही दोष देणार नाही. त्याचीच भीती वाटते.