टाक्यावरची साय

२ डिसेंबर, कडेगाव

आले एकदाची. तासगावहून निघताना अम्मीने इतके डबे दिले की एसटीत कंडक्टरने विचारलं, बाई, हॉटेल काढताय का. खोली राजवर्धनदादांच्या घराच्या मागच्या अंगाला आहे. खिडकीतून ऊस दिसतो, उसाच्या वर डोंगराची धार आणि धारेवर पवनचक्क्या. सगळं स्वच्छ आहे. तरी मी फडताळ एकदा पुसून घेतलं.

दादा डोंगरात माणसं फिरवतात. आजवर एका दिवसाचं चालणं होतं. आता त्यांना तंबू आणि शिधा पाठीवर घेऊन चार दिवसांची मोहीम काढायची आहे, कडेगावच्या डोंगरावरून धारेधारेने औंधपर्यंत. मधेमधे पायवाट सोडून मोकळं भटकायचं. मुक्काम कुठे, पाणी कुठे, कुणी आजारी पडलं तर खाली कुठून उतरायचं, हे सगळं ठरवणं माझं काम. पहिली तुकडी सांगलीच्या कॉलेजच्या मुलींची, आणि त्यात आमची अर्फाही आहे. दादा हसून म्हणाले की धाकटी बहीण येणार म्हटल्यावर आता प्लॅनमध्ये सुईएवढंही भोक राहायचं नाही.

अब्बांनी सांगितल्याप्रमाणे रोज लिहायचं ठरवलं आहे. पाचवीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. कल्हईच्या भट्टीशेजारी बसवून त्यांनीच बाराखडी शिकवली, पाढे शिकवले, आणि भांडं कसं बघायचं तेही. भांड्याची बाहेरची बाजू लोकांसाठी असते, आतली खाणाऱ्यासाठी, म्हणून घासायला आतून लागायचं, असं ते म्हणत. कल्हईचा धंदा केव्हाच बसला, आता आमचं स्टीलचं दुकान आहे. पण सवय राहिली.

५ डिसेंबर

आज नाथाजीकाकांबरोबर पहिला टप्पा चालून आले. काका फौजेतून निवृत्त झालेत, दादांकडे वाटाड्या आहेत. मला 'म्याडम' म्हणतात ते चिडवण्यासाठीच. मी प्रत्येक वळणाला थांबून नकाशावर खूण करत होते, तर म्हणाले की हितं हरवायचं म्हटलं तरी डोकं लावावं लागंल, उजवीकडं ऊस आन् डावीकडं खटाव.

खरंच सोपा डोंगर आहे. वर सपाट पठार, गुडघाभर वाळलेलं गवत, मधेमधे खडक आणि घायपात. वाट सोडली तरी धार नजरेसमोर असते. मोज्यांत कुसळं भरतात तेवढाच त्रास. उतरायच्या वाटा दोन ठरवल्या. एक बैलगाडी जाईल अशी आहे.

अडचण पाण्याची. ओढे दिवाळीलाच आटले. प्रत्येकीला तीन लिटर उचलायला लावलं तरी दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी लागणारच. काका म्हणाले, टाकं हाय की वर. धनगरं पितात.

८ डिसेंबर

टाकं बघितलं. खडकात खोदलेलं, चौकोनी, खोलीएवढं. पाणी दिसतच नाही. त्यावर साय आहे.

दुसरा शब्द सुचत नाही. म्हशीच्या दुधावर येते तशी पिवळट पांढरी, पण बोटभर जाड, या कडेपासून त्या कडेपर्यंत. वारा आला की सुरकुत्या पडत. वारा थांबला की त्या आपोआप ताणून सरळ होत. शिळ्या दुधाचा वास होता. मी तोंडावर ओढणी धरली.

शेजारीच राहीबाई नावाच्या धनगरणीचा तळ आहे. तिने दाखवलं कसं पितात ते. कडेला सायीत एक भोक आहे, त्यातून वेळूची नळी आत गेलेली. तिला तोंड लावून ओढायचं. सगळा तळ एकाच नळीने पितो. तिने पदराने टोक पुसून माझ्यापुढे केलं. टोक चावून चावून मऊ झालं होतं. मला नाही जमलं. तिला राग आला नाही. म्हणाली, घ्या की वो बाई, माज्या तोंडाला काय किडं न्हाईत.

मग नळीने ओढून तिने माझी बाटली भरून दिली. पाणी काचेसारखं. भांडं बुडवून का घेत नाही, म्हणून विचारलं, तर म्हणाली की सासूनं सांगितलंय, त्ये झाकल्यालं ऱ्हाऊ द्या. का ते सासूलाबी ठावं नव्हतं आन् मलाबी न्हाई. काकांचं म्हणणं, धनगरांना घासायचा कंटाळा.

११ डिसेंबर

बाटली सांगलीला तपासायला दिली होती. पाणी पिण्यालायक आहे. म्हणजे घाण फक्त त्या सायीत.

खूप विचार केला. मुलींना उष्टी नळी तोंडात धरायला सांगू शकत नाही. बाटल्या त्या सायीतून बुडवायलाही सांगू शकत नाही. पाण्याची तीच एक जागा आहे. दादांना फोन केला, ते म्हणाले, साफ करून टाका, त्यात काय.

१२ डिसेंबर

आज काकांनी आणि मी टाकं घासलं. राहीबाई मेंढरं घेऊन पलीकडच्या उताराला गेली होती.

मला वाटलं साय तुटेल, चाळणीने काढावी लागेल. ती अखंड निघाली, ओल्या घोंगडीसारखी. जड होती. कडा खडकाला चिकटल्या होत्या, तिथून सोडवताना चर्र आवाज येई आणि खाली लाल ओल राही. खालची बाजू गुलाबी, दाण्यादाण्याची, बैलाच्या जिभेसारखी खरबरीत. काकांनाही ओकारी आली, पण ते हसण्यावारी नेत होते. खडकावर टाकल्यावर तिच्या कडा हळूहळू आत वळल्या. काका म्हणाले, उन्हानं. तिथे ऊन आलेलं नव्हतं.

मग मी वाळू आणि चिंच घेऊन हात पोचेल तिथवर दगड घासला. आतून आधी. पाणी असं झालं की तळाचे खडे मोजावेत. दुसऱ्यांना पाजायच्या आधी आपण प्यायला हवं, म्हणून मी ओंजळभर प्याले. काका तर पोट भरून प्याले. गोड होतं. जिभेवर जरा तुळतुळीत राहिलं, एवढंच.

संध्याकाळी राहीबाई आली. टाक्याकडे बघून म्हणाली की उघडं केलं व्हय. तिने मेंढरं वळवली आणि चुलीचे दगडसुद्धा न उचलता तळ हलवला. खडकावर टाकलेली साय तेव्हा तिथे नव्हती. मेंढरांनी खाल्ली असेल.

१४ डिसेंबर

सकाळी चहावर साय होती. कोरा चहा होता.

बोटाने उचलली. बोटालाच चिकटली, मागे चहापर्यंत तार आली. चहा ओतून दिला, कप घासला, पुन्हा केला. वळून साखरेचा डबा ठेवीपर्यंत पुन्हा. मग तांब्यातल्या पाण्यावर, मग न्हाणीच्या बादलीवर. बादलीवरची मगाने फोडली तर खालची बाजू वर आली. गुलाबी.

झाकण लावलेल्या हंड्यावर काही नाही. दादांच्या स्वयंपाकघरात काही नाही. फक्त मी हात लावलेल्या आणि उघड्या राहिलेल्या पाण्यावर.

आज जेवले नाही.

१६ डिसेंबर

जिभेवर आली आहे.

जीभ कल्हईच्या भांड्यासारखी घासते. ब्रशने, मिठाने, शेवटी घासणीने. रक्त येतं, मग रक्तावर साय धरते, आधीपेक्षा जाड. गिळताना तिचं टोक घशात हलतं.

डॉक्टरांकडे गेले. पोरगी काळजीने वाळलीय, तोंड आलंय, म्हणाले. गोळ्या दिल्या. त्यांनी चमच्याने जीभ दाबली तेव्हा चमचा निघेना. त्यांनी नंतर किती वेळ हात धुतले ते मी बाहेरून ऐकलं.

काका भेटले. बरे दिसले, फक्त बोलले नाहीत. हसले तेव्हा दात दिसले नाहीत. दातांच्या जागी सगळं सलग, मऊ —

१७ डिसेंबर

दादा तयारीसाठी सांगलीला आहेत. त्यांना लिहून कळवलं की मोहीम पुढे ढकला, टाक्याचं पाणी नको. त्यांचा निरोप आला की पाणी तपासलेलं आहे, तुमी विश्रांती घ्या, तुकडी मी आन् नाथाजी नेतो, ठरल्याप्रमाणं.

अर्फाला लिहिलं. तिने हसऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली. वर लिहिलं की आपा, तू बाटलीबंद पाणीसुद्धा उकळतेस, तुझं कोण ऐकणार.

खरं आहे. मी आयुष्यभर सगळ्याच पाण्याला घाबरले. आता हे एक पाणी वेगळं कसं सांगू. फोन केला. तोंडातून नुसता चिकट आवाज आला. ती घाबरली नाही. म्हणाली, रेंज नाही वाटतं.

१९ डिसेंबर

आज त्या निघाल्या. मला सकाळी डोळे उघडेनात. पापण्या आतून जोडल्या होत्या. ओढल्या. त्याबद्दल लिहीत नाही. मी पुढच्या अंगणात पोचले तर गाडी गेलेली. आज त्या पायथ्याच्या पाण्यावर आहेत. उद्या दुपारी टाकं.

मी बैलगाडीच्या वाटेने सरळ वर जाते. त्यांच्या आधी पोचेन.

२० डिसेंबर, टाक्यावर

पोचले. वही गुडघ्यावर धरून लिहिते. उजव्या डोळ्याने थोडं दिसतं. ओठ नाहीत आता, तिथे सलग आहे. नाकाने श्वास येतो, शिळ्या दुधाचा.

टाकं उघडं. सुंदर दिसतं. कुणालाही प्यावंसं वाटेल.

चेहरा जळत होता म्हणून धुतला. गालावरची साय सुटून पाण्यात पडली. बुडाली नाही. पसरली. तळहाताएवढी झाली आणि कडेच्या खडकाला जाऊन चिकटली, जिथे मी घासलं होतं नेमकं तिथे. गाल मोकळा झाला. वारा लागला त्याला.

म्हणजे हिला झाकायचं आहे. टाकं मी उघडं केलं, म्हणून आता ती मला आणि काकांना —

आवाज येतो. गाणं म्हणत येताहेत. अर्फाचा आवाज वेगळा कळतो, तिचा सूर चुकतो.

उभी राहून हात हलवू? धावत येतील. मला असं बघून पहिल्यांदा काय करतील — तोंडावर पाणी मारतील, मला पाजतील, स्वतः पितील. या टाक्यातलं. प्रथमोपचाराचा कागद मीच त्यांना दिला आहे.

नको. त्यांनी हे पाणी बघितलंच नाही पाहिजे. साय बघून ओकारी आली पाहिजे. मला आली तशी.

पाय सोडले आत. गार आहे. साय पायांपासून पसरते आहे, पटकन, सगळीकडे. पाय हलके. कंबरेपर्यंत उतरले की पुरेल असं वाटतं. थोडा कोपरा उघडा राहतो आहे, सावलीतला —

खांद्यापर्यंत.

अर्फा, किळस आली तर येऊ दे. कुणालाही हात लावू देऊ नकोस. बुडवू नकोस काही. तुला माझे केस दिसतील वर, तरी ओढू नको, ते आता सायीतच —

वही कडेला ठेवते. एक हात बाहेर आहे अजून. बोटं सुटी होत नाहीत, पेन त्यांच्यात धरलं गेलंय, तोवर लिहिते. तू हसतेस जवळच. कुणीतरी शी म्हणालं. परत म्हणालं. छान. म्हण, अजून म्ह